पायजम्याला पडलेली 234 भोकं

2007 साली ब्रिटनमध्ये एक नवल उघडकीस आलं. त्या देशातल्या 234 मुलामुलींनी वयाच्या आठव्या वर्षी केमिस्ट्री सेटशी खेळता खेळता आपापल्या पायजम्याला भोक पाडून घेतलं होतं. गावं निराळी, शाळा निराळ्या, आडनावं निराळी, पायजमा एकच. एवढ्या आगी लागूनही कुठल्या अग्निशामक दलाला त्याचा पत्ता नव्हता.

पत्ता लागला तो 'यूकॅस'ला. ब्रिटनमधल्या विद्यापीठ प्रवेशाचे अर्ज या संस्थेमार्फत जातात आणि प्रत्येक अर्जासोबत 'मला हेच का शिकायचंय' अशा अर्थाचा एक निबंध तेव्हा जोडावा लागायचा. ऑक्सफर्ड, केंब्रिज, शिवाय मेडिकल, डेंटल आणि जनावरांच्या डॉक्टरकीसाठी आलेले असे 50,000 निबंध कॉम्प्युटरकडून एकमेकांशी ताडून घेतले, तेव्हा हे पायजमे बाहेर आले. सोबत 175 निबंधांत म्हातारे किंवा आजारी आजोबा निघाले. मानवी शरीर कसं चालतं याचं कुतूहल तर 370 जणांच्या मनात एकाच वेळी, एकाच शब्दांत जागं झालं होतं.

मराठी वाचकाला यात फार आश्चर्य वाटायचं कारण नाही. 'माझे आजोबा' हा निबंध आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लिहिला जातोय आणि लाखो मुलांचे आजोबा पहाटे पाचला उठून फिरायला जात आलेले आहेत. फरक एवढाच, की आपल्या निबंधातले आजोबा ठणठणीत असायचे. मेडिकलच्या अर्जात ठणठणीत आजोबांचा काही उपयोग नसतो.

तरीही त्या 234 जणांना हसण्याआधी त्यांच्यापुढचा प्रश्न बघावा. 'तुम्हाला डॉक्टर का व्हायचंय?' याची खरी उत्तरं साऱ्या जगाला पाठ आहेत. मार्क चांगले पडतात. आईची इच्छा आहे. डॉक्टरला लोक मान देतात. पैसाही बरा मिळतो. बायोलॉजी आवडतं आणि गणित आवडत नाही. यांपैकी एकही उत्तर अर्जात लिहिता येत नाही. मग लिहायचं काय? शेवटी कुणाचा तरी पायजमा जाळावाच लागतो.

आता अमेरिकेत या. तिथे हा प्रश्न विचारण्याची यंत्रणा आणखी चोख आहे. एमडी पदवीच्या बहुतेक कॉलेजांचे अर्ज 'एएमकॅस' नावाच्या एकाच खिडकीतून जातात. त्यात कॉलेजचे मार्क, एमकॅट परीक्षेचा स्कोअर, केलेल्या कामांच्या जास्तीत जास्त 15 नोंदी, आणि डॉक्टर का व्हायचंय याचा निबंध. निबंधाला मर्यादा 5,300 कॅरेक्टर्सची, मोकळ्या जागा धरून. महाराष्ट्रात कॅरेक्टर सर्टिफिकेट हेडमास्तर एका ओळीत देतात: 'सदर विद्यार्थ्याची वर्तणूक चांगली आहे.' अमेरिकेत त्यालाच 5,300 लागतात, आणि ती स्वतःच भरायची असतात.

एवढं करूनही निम्म्याहून जास्त मुलांच्या पदरी निराशा येते. 2023-24 च्या वर्गासाठी 52,577 जणांनी अर्ज केले. प्रत्यक्ष वर्गात बसले 22,981. उरलेले साडेएकोणतीस हजार कुठे जातात? काही जण वाट बदलतात, काही परदेशी किंवा कॅरिबियन बेटांवरच्या कॉलेजांत जातात. आणि बरेचसे पुढच्या मे महिन्यात पुन्हा त्याच खिडकीशी उभे राहतात. त्यांना 'रिअ‍ॅप्लिकंट' म्हणतात. त्यांचा निबंध हा या सगळ्या खटाटोपातला सर्वांत गमतीचा ऐवज. कारण प्रश्न तोच आहे, मर्यादा तीच आहे, डॉक्टर व्हायचंही तेवढंच आहे. उत्तर मात्र नवं हवं. त्याच पाहुण्यांपुढे दुसऱ्यांदा कांदेपोहे घेऊन जायचं आणि या वेळी साडी बदललीय म्हणून नव्याने पसंत करा म्हणायचं, तशातलीच गत.

समजा, न्यू जर्सीतलं एडिसन. मराठी घर. वडील सॉफ्टवेअरमध्ये, आई फार्मा कंपनीत, मुलगा गेल्या वर्षी वीस कॉलेजांना अर्ज करून एका वेटलिस्टवर लटकलेला. मे उजाडलाय. अर्जाची खिडकी मेच्या सुरुवातीला उघडते आणि अर्ज प्रत्यक्ष पाठवता येतो तो महिनाअखेरीला. वेटलिस्ट मात्र उन्हाळाभर हलत राहते. म्हणजे एका डोळ्याने 'हो' येतंय का ते फोनवर बघायचं आणि दुसऱ्या डोळ्याने 'नाही' आल्यानंतर आपण किती परिपक्व झालो ते लिहायचं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप, बाजूला थंड झालेला चहा, आणि टेबलाभोवती सल्लागार मंडळ.

आईचं म्हणणं, पहिलीच ओळ चुकली होती. 'तू लहानपणी टेडी बेअरला इंजेक्शन द्यायचास ते का नाही लिहिलंस?' मुलगा सांगतो, ते सगळेच लिहितात. वडील बारावीला पीसीबी ग्रुपच्या टक्क्यांवर मेडिकलचा नंबर लागायच्या काळातले. दोन टक्क्यांनी हुकला म्हणून ते इंजिनिअर झाले. निबंध या गोष्टीवरच त्यांचा विश्वास नाही. 'अरे, तुझा एमकॅट 510 आहे. नांदेडच्या काकाला कळवलं तर तो म्हणाला, कितीपैकी? म्हटलं, 528. म्हणाला, म्हणजे साडेशहाण्णव टक्के! मग अडलं कुठे?' अडलं इथे, की एमकॅटचे मार्क सुरूच 472 पासून होतात. एकही उत्तर धड आलं नाही तरी 472 मिळतात. आणि ज्यांना प्रवेश मिळतो त्यांची सरासरीच 511-512 च्या घरात असते. हे काकांना फोनवर समजावायला गेल्या वर्षी पाऊण तास लागला होता. शेवटी काका म्हणाले, 'लातूरला पाठव त्याला. रिपीटर बॅचला घालू.'

काकांची चूक नाही. आपल्याकडे पुन्हा प्रयत्न करणं ही सुटसुटीत गोष्ट आहे. नीटला 180 प्रश्न, 720 मार्क, बरोबरला चार, चुकीला वजा एक. त्या 180 प्रश्नांत 'तुला डॉक्टर का व्हायचंय' हा प्रश्न नसतो. रिपीटरने वर्षभर तीच पुस्तकं वाचायची आणि तेच गोल काळे करायचे, फक्त जास्त अचूक. गेल्या वर्षी मनात काय होतं आणि यंदा काय आहे याच्याशी परीक्षेला कर्तव्य नाही. आजोबा कुठेच येत नाहीत. लातूरच्या हॉस्टेलवरच्या मुलाला रात्री दोन वाजता 'आपण या वर्षात माणूस म्हणून किती वाढलो' हा प्रश्न पडलाच, तर वॉर्डन त्याला झोपायला सांगतात.

एडिसनच्या मुलाला तेच सिद्ध करायचंय. कित्येक कॉलेजं पुढच्या फेरीच्या फॉर्ममध्ये सरळ विचारतात: तुम्ही पूर्वी आमच्याकडे अर्ज केला होता का, आणि तेव्हापासून तुमच्यात काय बदल झाला? म्हणून मधल्या वर्षात काही ना काही घडवावं लागतं. पोरं हॉस्पिटलात स्क्राइब होतात, म्हणजे डॉक्टर पेशंटशी बोलत असताना ते सगळं कॉम्प्युटरवर टिपून घेणारा कारकून. काही अँब्युलन्सवर ईएमटी, म्हणजे तातडीचे उपचार करणारे मदतनीस, होतात, काही प्रयोगशाळेत उंदरांच्या पिंजऱ्याशी. प्रत्येक कामाचे तास लिहायचे, ताडून बघायला एका माणसाचा फोन नंबर द्यायचा, आणि वर्णन 700 कॅरेक्टर्सच्या आत. त्यातली तीन कामं 'सर्वांत अर्थपूर्ण' म्हणून निवडायची. त्यांना आणखी 1,325 मिळतात. अर्थाचा भाव असा ठरलेला आहे. पेशंटचा हात धरून रात्रभर बसलेल्या मुलालाही सकाळी पहिला विचार हाच येतो, की हे अर्थपूर्णमध्ये टाकावं की साध्यात.

इथे मराठी कुटुंबांचा एक खास मार्ग आहे: मामाचं नर्सिंग होम. डिसेंबरात लग्नाला म्हणून आलेला भाचा दहा दिवस सोलापुरात किंवा कोल्हापुरात मामाच्या मागे मागे फिरतो. याला शॅडोइंग म्हणतात. मामा हौशी असेल तर भाच्याला थेट ऑपरेशन थिएटरात नेतो, हातात ग्लोव्हज देतो आणि 'टाक एक टाका' म्हणतो. घरी त्याचं केवढं कौतुक! अमेरिकन निवड समितीला मात्र तोच टाका टोचतो. परवाना नसताना परदेशातल्या गरीब पेशंटवर हात साफ करून येण्याचा हा उद्योग तिथे इतका बोकाळला, की अमेरिकन मेडिकल कॉलेजांच्या संघटनेला, 'एएएमसी'ला, त्याबद्दल मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या. सार इतकंच, की जे अमेरिकेत करायची मुभा नाही ते बाहेर जाऊन करू नका. म्हणून दुसऱ्या वर्षीच्या निबंधात टाका नाहीसा होतो आणि भाचा कोपऱ्यात उभा राहून 'निरीक्षण' करायला लागतो. मामाला हे कळलं तर तो दुखावेल, म्हणून कुणी सांगत नाही.

आता खरी दुरुस्ती. गेल्या वर्षीच्या निबंधाची सुरुवात साताऱ्याच्या आबांपासून होती. आबांना हार्ट अटॅक आला होता. खरं तर छातीत दुखल्यावर त्यांची अँजिओप्लास्टी झाली, तिसऱ्या दिवशी ते घरी आले आणि आठवड्याने शेतावर गेले. पण 'अँजिओप्लास्टी यशस्वी झाली' या वाक्यात कुणाला डॉक्टर करण्याइतका दम नाही. त्यामुळे पहिल्या खर्ड्यात आबांची नाडी मंदावली. दुसऱ्या खर्ड्यात नातू अमेरिकेतून फोनवर त्यांचा श्वास ऐकत होता. तिसऱ्या खर्ड्यात निबंध 6,100 कॅरेक्टर्सवर गेला आणि आबांची काटछाट सुरू झाली. आधी विशेषणं गेली, मग सातारा गेला, मग आयसीयू गेलं. आजार छोटा केल्याशिवाय मजकूर बसेना, म्हणून एका रात्री हार्ट अटॅकवरून आबांना नुसत्या रक्तदाबावर आणून ठेवलं. वैद्यकशास्त्रात इतक्या झपाट्याने सुधारणा झालेला दुसरा पेशंट नसेल.

या वर्षी सल्लागार मंडळ दुभंगलंय. कॉलेजची प्री-मेड सल्लागार म्हणते, निबंध नव्याने लिही, समित्या जुना अर्ज काढून शेजारी ठेवतात. शेजारची ताई, जी तिसऱ्या प्रयत्नात आत गेली, ती म्हणते, फक्त सुरुवात आणि शेवट बदल. पैसे घेऊन निबंध तपासणारा एक सल्लागार वडिलांनी गाठला; तो म्हणाला, 'अपयशाबद्दल लिही, पण ते अपयश वाटता कामा नये.' वडिलांनी हे वाक्य दोनदा ऐकलं आणि फी किती ते तिसऱ्यांदा विचारलं.

मुलाने गुपचूप एआयलाही विचारून पाहिलं. त्याला अजून तरी बंदी नाही. कल्पना सुचवायला किंवा भाषा सुधारायला एआय वापरा, पण शेवटी पाठवलेलं लिखाण तुमचंच असलं पाहिजे, अशा अर्थाचं प्रतिज्ञापत्र अर्जात असतं. एआयने क्षणात सुरेख निबंध दिला. त्यात आजोबांचा थरथरता हात होता, खिडकीतून येणारा कोवळा उजेड होता, मॉनिटरचा संथ आवाज होता. मुलगा दचकला. त्याने तो खोडून टाकला, पण थरथरता हात डोक्यातून जाईना. 2007 ला पायजमे निदान माणसांनी चोरले होते.

आणि हे सगळं ज्या निवडीसाठी, ती तरी किती काटेकोर? याबद्दल टेक्सासमध्ये नकळत एक प्रयोगच होऊन गेला. 1979 साली ह्यूस्टनमधल्या टेक्सास विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजने 800 उमेदवारांच्या मुलाखती घेऊन त्यांची क्रमवारी लावली आणि वरच्या फळीतल्या 150 जणांना घेतलं. मग विधिमंडळाने फर्मान काढलं: आणखी 50 घ्या. तोवर वरचे उमेदवार इतरत्र गेलेले. शेवटी 700 ते 800 क्रमांकांतले, म्हणजे तळातले, घ्यावे लागले. पुढे या दोन्ही गटांची वाटचाल ताडून पाहिली तर परीक्षांत, वॉर्डमधल्या कामात, नंतरच्या प्रशिक्षणात म्हणण्यासारखा फरक सापडला नाही. हा अभ्यास 1987 मध्ये 'जामा' या नियतकालिकात छापून आला. सातशे नव्वदाव्या मुलाने तो कापून देव्हाऱ्यात ठेवला असल्यास त्याला दोष देता येणार नाही.

टोरांटोत त्याहून पुढचं निघालं. तिथल्या मेडिकल प्रवेशाच्या 2,926 मुलाखती तपासल्या, तर पावसाच्या दिवशी मुलाखत झालेल्यांना थोडे कमी गुण पडलेले दिसले. 2009 मध्ये हा शोधनिबंध कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकात आला. बरं झालं, महाबळेश्वरला मेडिकल कॉलेज नाही.

निबंध न सुधारता दुसऱ्यांदा अर्ज करण्याचा सर्वांत लांबचा रस्ता अ‍ॅलन बाकी या गृहस्थांनी धरला. तिशी ओलांडलेले इंजिनिअर, पूर्वी मरीन दलात होते. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या मेडिकल कॉलेजने त्यांना 1973 ला नाकारलं, 1974 ला पुन्हा नाकारलं. शंभरातल्या 16 जागा अल्पसंख्याकांसाठी राखीव होत्या. बाकी कोर्टात गेले आणि 1978 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो ठरावीक कोटा रद्द करून त्यांना प्रवेश द्यायला लावला. वंशाचा विचार इतर गोष्टींसोबत करायला मात्र मुभा ठेवली. बाकी 1982 ला डॉक्टर होऊन बाहेर पडले. ती मुभाही 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने काढून घेतली. पण आपल्या वंशामुळे आयुष्यात काय सोसावं लागलं ते उमेदवाराने निबंधात लिहिलं, तर कॉलेजांनी ते वाचायला हरकत नाही, असंही त्याच निकालात म्हटलं. म्हणजे सगळं पुन्हा निबंधावरच येऊन पडलं. एडिसनच्या टेबलावर यावरही चर्चा झाली. 'आपल्याला काय सोसावं लागलं?' असा प्रश्न आला. सगळ्यांनी विचार केला. 'डब्यातल्या भाजीचा वास येतो म्हणून तिसरीत याला चिडवायचे,' आई म्हणाली. मुलाने मान हलवली. तेही सगळे लिहितात.

अर्ज मे संपता संपता गेला. 'सबमिट' दाबल्यावर निबंधातलं एक अक्षरही बदलता येत नाही. आणि नियम असा, की चूक सापडते ती सबमिट दाबल्यावर साधारण चार मिनिटांनी. गेल्या वर्षी याच मुलाने 'माझ्याकडे पुष्कळ पेशन्स आहे' असं लिहिण्याच्या भरात 'पुष्कळ पेशंट्स आहेत' असं लिहिलं होतं. वीस कॉलेजांना एक बावीस वर्षांचा, डिग्री नसलेला, भरपूर पेशंट्स असलेला तरुण भेटला. नकार आले त्यात नवल नाही. पोलीस आले नाहीत हेच पुष्कळ.

जूनच्या अखेरीपासून दुसरी फेरी: सेकंडरी. प्रत्येक कॉलेज आपापले निबंध मागतं, बहुतेकांची फीही वेगळी. 'आमचंच कॉलेज का?' हा त्यातला कायमचा प्रश्न. खरं उत्तर: तुमचं नाव यादीत होतं म्हणून. लिहायचं उत्तर: तुमच्या शहरातल्या उपेक्षित वस्त्यांमधलं तुमचं काम मला बालपणापासून हाक मारतंय. वीस कॉलेजं, वीस शहरं, वीस हाका. कॉपी-पेस्टच्या वादळात एका कॉलेजच्या निबंधात दुसऱ्याचं नाव राहून जातं. हे इतक्या वेळा घडतं, की प्रत्येक प्री-मेड सल्लागाराकडे यावर एक ठरलेला विनोद असतो आणि तो ऐकताना एकही मूल हसत नाही.

या वर्षीच्या निबंधात काय उरलं? स्क्राइब म्हणून काम करताना पाहिलेली एक म्हातारी. ती दर वेळी डॉक्टरला सांगायची की गोळ्या वेळेवर घेते, आणि डॉक्टर दारातून बाहेर पडला की स्क्राइबकडे वळून म्हणायची, अर्ध्याच घेते, पुरवायच्या असतात. डॉक्टर गेल्यावर लोक खरं बोलतात, आणि ते ऐकणारा माणूस खोलीत कारकून म्हणून बसलेला असतो. पोराने ते नोंदीत घालावं की नाही यावर रात्रभर विचार केला, सकाळी डॉक्टरला सांगितलं आणि डॉक्टरने गोळीच स्वस्तातली बदलून दिली. बस, एवढंच. यात कुणी मरत नाही, कोवळा उजेड येत नाही. आईला हे फार साधं वाटलं. वडील म्हणाले, यात तू काय केलंस? मुलगा म्हणाला, मी सांगितलं.

रविवारी साताऱ्याहून फोन आला. आबांचं वय एक्क्याऐंशी, आवाज खणखणीत, मागे पत्र्यावर पावसाचा ताशा.

'काय रे, पाठवला का फॉर्म?'

'हो आबा, पाठवला.'

'यंदा मला काय झालंय त्यात?'

मुलगा गडबडला. गेल्या वर्षीचं यांना कुणी सांगितलं, म्हणून त्याने आईकडे पाहिलं. आई ओट्याकडे बघत होती. 'आबा,' तो आपल्या न्यू जर्सीच्या मराठीत म्हणाला, 'या टाइमला तुम्ही नाही आहे त्याच्यात. अजिबातच नाही.'

पलीकडे क्षणभर नुसता पाऊस वाजला.

'बरं,' आबा म्हणाले, 'म्हणजे सुटलो म्हणायचा दवाखान्यातनं.'